स्वस्तातलं विमान की मोठ्या कंपनीचं? आधी सांग, मधे गाडी कोण बदलणार

पत्र आलंय ते थोडक्यात असं:

"ताई, मी पुण्यात नोकरी करतो, आईबाबा मिरजेला असतात. बहीण मेलबर्नला आहे, तिला डॉक्टरांनी नोव्हेंबरमधली तारीख दिलीय, म्हणून आईबाबा ऑक्टोबरच्या शेवटी तीन महिन्यांसाठी जाणार. दोघांचाही पहिलाच परदेश प्रवास, मी सोबत नाही. बाबा 66 वर्षांचे, एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून रिटायर झाले, शुगर आहे, इन्शुलिन घेतात. आईचे गुडघे दुखतात. मी दोन पर्याय काढलेत. एक, मुंबई ते क्वालालंपूर एका बजेट कंपनीने आणि पुढे मेलबर्नपर्यंत एअरएशिया या मलेशियाच्या बजेट कंपनीने, दोन वेगळी तिकिटं, मधे साडेतीन तास, जाऊन-येऊन माणशी 58 हजार. दोन, मोठ्या कंपनीचं एकच तिकीट, सिंगापूरला विमान बदलून, माणशी 81 हजार. म्हणजे दोघांचे मिळून 46 हजार जास्त. बाबा म्हणतात विमान ते विमान, उगाच पैसे उडवू नकोस. आई म्हणते स्वस्तातलं विमान पडलंबिडलं तर. दाजी म्हणतात आम्ही नेहमी बजेटनेच येतो, काही होत नाही. काय करू?"

ताई म्हणालास म्हणून तूच म्हणते.

आधी आईंची भीती घालवू, कारण तिच्यावर जास्त वेळ घालवायची गरज नाही. तिकीट स्वस्त म्हणजे विमान जुनं किंवा पायलट शिकाऊ, असं काही नसतं. बजेटवाल्यांचीही विमानं एअरबस आणि बोइंगचीच, तपासण्या त्याच, आणि बऱ्याचदा त्यांची विमानं मोठ्या कंपन्यांपेक्षा नवीनच असतात, कारण नवीन विमान तेल कमी पितं आणि यांचं सगळं गणित त्या तेलावर. ते पैसे वाचवतात ते दुसरीकडे, म्हणजे एकाच प्रकारची विमानं ठेवायची, उतरल्यावर पाऊण-एक तासात परत उडवायचं, खुर्च्या जास्त बसवायच्या, आणि जेवण, बॅग, खिडकी ह्या सगळ्याचे वेगळे पैसे लावायचे. आपल्याकडे 2003 मधे कॅप्टन गोपीनाथांनी एअर डेक्कन काढली तेव्हा लोक पाण्याच्या बाटलीचेही पैसे घेतात म्हणून हसायचे, आज निम्म्याहून जास्त भारत तसाच उडतो. तेव्हा आईंना सांग, पडायबिडायचं काही नाही.

आता 46 हजारांकडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे.

तू जो 58 चा आकडा दिलास तो वेबसाइटच्या पहिल्या पानावरचा आहे ना? मी तुझ्या तारखा टाकून शेवटच्या पानापर्यंत गेले, पैसे भरायचं बटण येईपर्यंत. पहिल्या टप्प्यात 20 किलोची बॅग धरलेली आहे, दुसऱ्या टप्प्यात फक्त हातातली 7 किलो. आणि बाळंतपणाला निघालेली मिरजेची आई 7 किलोत जाणार हे तू स्वतःशी तरी खरं बोलून बघ. डिंक, हळीव, खारीक, गोडंबी, मेतकूट, बाळाची दुपटी, शिवाय तीन महिन्यांचे दोघांचे कपडे. तर दुसऱ्या टप्प्याला 25 किलोची बॅग, जाऊन-येऊन 7,800. मग पहिल्या टप्प्यालाही ती बॅग 25 ची होणारच, तर वरच्या 5 किलोचे 3,200. दोघं शेजारी बसायला हवेत, नाहीतर आई 14 नंबरच्या ओळीत आणि बाबा 31 मधे, तर चार उड्डाणांच्या सीटा 2,900. जेवणं 1,600. झाले 15,500. म्हणजे तुझं 58 चं तिकीट माणशी साडेत्र्याहत्तर हजारांचं झालं आणि फरक उरला माणशी साडेसात. दोघांचे 15 हजार. 46 चे 15 झाले, आणि अजून आपण क्वालालंपूरला पोचलोही नाही.

हे आकडे रोज बदलतात हं, तू परत टाकून बघ, पण पद्धत हीच, शेवटच्या पानावरचा आकडा शेवटच्या पानावरच्या आकड्याशी लावायचा. मोठ्या कंपनीचंही तसंच बघ, कारण त्यांनीही आता तीनचार प्रकारचे भाव काढलेत आणि सगळ्यात खालच्या भावात कधी सीट निवडता येत नाही, कधी तारीख बदलता येत नाही. तीन महिन्यांनी बाळ-बाळंतिणीला सोडून आईचा पाय निघेलच असं नाही, त्यामुळे परतीची तारीख बदलायला किती लागतील हे आत्ताच वाच.

आता ते साडेतीन तास. तू कागदावर बघितलंस, मी तुला पायी चालवते.

विमान क्वालालंपूरला उतरलं. तिथे दोन टर्मिनल आहेत, एअरएशियाचं घर टर्मिनल 2, बाकीच्या बहुतेक कंपन्या टर्मिनल 1. तुझी तिकिटं वेगळी असल्यामुळे पहिल्या कंपनीच्या दृष्टीने आईबाबा क्वालालंपूरलाच निघालेत, मेलबर्न वगैरे तिला माहीतच नाही. म्हणजे बॅगा तिथेच पट्ट्यावर येणार. त्या घ्यायच्या तर आधी इमिग्रेशनच्या रांगेत उभं राहून मलेशिया देशात रीतसर शिरायचं. सध्या भारतीयांना तिथे 30 दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही हे नशीब, पण एमडॅक नावाचा ऑनलाइन फॉर्म पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत भरावा लागतो, तो तुझ्या यादीत होता का? (नाही ना. मला वाटलंच.) मग बॅगा ट्रॉलीवर चढवायच्या, दोन मोठ्या, दोन लहान, एक आईची पर्स आणि एक बाबांची इन्शुलिनची पिशवी. मग स्टेशन शोधायचं, टर्मिनल 2 ला जाणाऱ्या ट्रेनमधे बसायचं, ट्रेन तीनच मिनिटांची आहे पण ती सापडायला हवी. उतरून वर यायचं, परत चेक-इनची रांग, परत वजन, परत पासपोर्ट, ऑस्ट्रेलियाचा व्हिसा दाखवायचा. आणि हे काउंटर उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतं. म्हणजे साडेतीन तास हे मुळात अडीचच तास होते, तेही मुंबईचं विमान वेळेवर सुटलं तर.

तू आणि मी करू हे. धावत करू, वैतागत करू, पण करू. 66 वर्षांचा शुगरवाला माणूस आणि गुडघे धरून चालणारी बाई, रात्रभराच्या जागरणानंतर, पहिल्यांदाच देशाबाहेर? आणि मुंबईहून दोन तास उशीर झाला तर काय होतं ते ऐक. पहिली कंपनी म्हणणार, आम्ही तुम्हाला क्वालालंपूरला आणलं, आमचं काम संपलं. दुसरी म्हणणार, तुम्ही आलाच नाहीत, तुमचं तिकीट गेलं. दोघांचंही नियमाने बरोबर! मधे उभे आईबाबा, आणि त्या दिवशीचं नवीन तिकीट काढायला गेलास तर तुझे वाचलेले 15 हजार एका माणसालाही पुरायचे नाहीत.

हे बाबांना असं समजावू नकोस, त्यांना एसटीच्या भाषेत सांग, त्यांचा जन्म त्यात गेलाय. विचार, बाबा, मिरज-स्वारगेट गाडी घाटात बंद पडली, आतल्या प्रवाशाकडे स्वारगेटहून पुढे कुठल्यातरी खाजगी ट्रॅव्हल्सचं तिकीट आहे आणि ती ट्रॅव्हल्स निघून गेली, तर तुम्ही कंट्रोल केबिनमधून त्या प्रवाशाला काय सांगितलं असतं? बाबा काय म्हणतील मला इथून ऐकू येतंय. आणि तोच प्रवासी एसटीचंच पुढचं तिकीट घेऊन आला असता तर? मागच्या गाडीत बसवून दिलं असतं की नाही? एकच तिकीट म्हणजे तेवढंच. सिंगापूरचं विमान चुकलं तर पुढच्या विमानात बसवणं हे त्यांचं काम, बॅगा थेट मेलबर्नला निघणार, मधे कुठल्या देशात शिरायचं नाही, मुंबईतच दोन्ही बोर्डिंग पास हातात. तेव्हा तू मला जो प्रश्न विचारलायस, बजेट की मोठी, तो माझ्या मते प्रश्नच नाही. एक तिकीट की दोन, हा प्रश्न आहे.

कारण मोठ्या नावाचीही काही खात्री नसते रे. जेट एअरवेज काय लहान होती? गरम जेवण, पाठीला उशी, सगळं होतं, आणि 17 एप्रिल 2019 ला शेवटचं उड्डाण करून बंद पडली. गो फर्स्ट बजेटवाली, ती मे 2023 मधे थांबली. एक मोठी, एक बजेट, लोकांचे पैसे दोन्हीकडे सारखेच अडकले. म्हणून तिकीट कुठलंही काढ, क्रेडिट कार्डावर काढ, सेवाच मिळाली नाही तर निदान बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे कार्डावरून गेलेले पैसे परत, मागायची सोय राहते, आणि काढायचं तर थेट कंपनीच्या साइटवरून. दोनशे रुपये कमी दाखवणाऱ्या कुठल्याशा साइटवरून काढलंस की काही बिघडलं तर कंपनी म्हणते एजंटला विचारा आणि एजंट फोन उचलत नाही.

बॅग हरवली तर काय, हे पण विचारतात लोक. त्यात बजेट आणि मोठी असा भेद कायद्यात नाही. मॉन्ट्रियल करार म्हणून 1999 चा आंतरराष्ट्रीय करार आहे, भारत त्यात 2009 पासून आहे, ऑस्ट्रेलियाही आहे. त्याप्रमाणे बॅगेच्या नुकसानीची कमाल मर्यादा माणशी 1,519 एसडीआर (हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक), म्हणजे सुमारे दोन हजार अमेरिकी डॉलर. कमाल, बरं का, तेवढे हातात ठेवतात असं नाही, जेवढं नुकसान दाखवाल तेवढंच. पण बॅग आली नाही किंवा फुटून आली तर विमानतळ सोडायच्या आधी काउंटरवर तक्रार लिहून तिची प्रत घ्यायची, आणि फुटलेल्या बॅगेची लेखी तक्रार 7 दिवसांच्या आत, उशिरा आलेल्या बॅगेची 21 दिवसांच्या आत. हे आईंच्या मोबाइलमधे मराठीत टाइप करून ठेव.

दाजी म्हणतात काही होत नाही, ते खोटं बोलत नाहीत. मीही बजेटनेच फिरते. पुण्याहून थेट बँकॉक, मुंबईहून दुबई, तीनचार तासांचा प्रवास, मधे काही बदलायचं नाही, पाठीवर एक सॅक, अशा वेळी मोठ्या कंपनीला जास्त पैसे देणं मला तरी जिवावर येतं. एकदा मात्र माझी चांगलीच जिरली. परतीच्या वेळी गेटवर त्यांनी वजनकाटा मांडला होता, माझी सॅक निघाली 9 किलो 400 ग्रॅम, आणि वरच्या किलोंचा तिथे जो भाव सांगितला तो ऐकून मी सगळ्यांसमोर सॅक उघडली, दोन स्वेटर अंगात घातले, वर जीन्सचं जॅकेट, खिशात चार्जर आणि दोन पुस्तकं, आणि घामाघूम होऊन परत काट्यावर, 7 किलो 100. तो मुलगा माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला जा. मी हसले नाही. मागे एक आजी होत्या, त्यांच्या पिशवीत सगळे खाऊचे डबे, त्यांना अंगात काय घालता येणार? त्यांनी पैसे भरले. तुझ्या आईंचं काय होईल ते तूच ठरव.

बाबांच्या शुगरचं वेगळं लिहिते. काही बजेट कंपन्यांत बाहेरचं खाणं विमानात खायला मनाई असते, म्हणजे आईंच्या धपाट्यांचं काही खरं नाही. इन्शुलिन घेणाऱ्या माणसाला वेळेवर पोटात काहीतरी जायलाच हवं, त्यामुळे बजेटने गेलात तर जेवण आधी बुक करणं ही चैन नाही. मोठ्या कंपनीत डायबेटिक जेवण आधी सांगितलं की फुकट मिळतं, निघायच्या दोनतीन दिवस आधी साइटवर जाऊन निवडायचं, ऐनवेळी विमानात मागून मिळत नाही. इन्शुलिन आणि गोळ्या हातातल्या बॅगेतच, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसकट, खालच्या बॅगेत कधीच नाही. आणि आईंसाठी व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांग, बाबा लाजतील, म्हणतील आपण काय पेशंट आहोत का, पण व्हीलचेअर ढकलणारा माणूस नुसता ढकलत नाही, तो रस्ता दाखवतो, रांगेत पुढे नेतो, बरोबर गेटवर सोडतो, आणि बाबा त्याच्या मागे मागे चालत जातात. पहिल्यांदा जाणाऱ्या कितीतरी आईबाबांनी सिंगापूर-दुबई असंच पार केलंय. एकाच तिकिटावर ती सोय मधल्या विमानतळावरही मिळते, दोन तिकिटांवर दोनदा सांगावी लागते.

बसायच्या जागेचं म्हणशील तर एक गोष्ट मोजून बघण्यासारखी आहे. एअरबस ए330 हे विमान घे. मोठ्या कंपन्या त्यात साधारणपणे एका ओळीत आठ खुर्च्या लावतात, 2-4-2. एअरएशिया लांब पल्ल्याच्या त्याच विमानात नऊ लावते, 3-3-3. विमान काही रुंद होत नाही, खुर्ची अरुंद होते. आणि 2-4-2 मधे नवराबायकोला खिडकीकडची दोघांचीच जोडी मिळते, आईंना दर तासाला पाय मोकळे करायला उठायचं असेल तर तिसऱ्या अनोळखी माणसाला उठवावं लागत नाही. क्वालालंपूर-मेलबर्न आठ तासांचं आहे. दोन तासांना मी हे लिहिलंही नसतं.

तर माझं मत, सिंगापूरचं एकच तिकीट काढ. 15 हजार जास्त जातील, जाऊ देत.

पण बाबा एसटीतले, हट्टी असणार, तर तिसरा मार्ग सांगते जो तुझ्या यादीत नव्हता. मिरजेहून राणी चन्नम्मा एक्सप्रेस रात्रीत बंगळूरला नेते. बंगळूरहून एअरएशियाचं क्वालालंपूर आहे आणि तिथून त्यांचंच मेलबर्न, दोन्ही टप्पे त्यांच्याच साइटवर एकाच बुकिंगमधे, जोडून घेतलेले. तसं घेतलं की बॅगा थेट मेलबर्नला जातात, मलेशियात शिरावं लागत नाही, टर्मिनलही तेच, आणि पहिलं विमान उशिरा आलं तरी पुढचं बघायचं काम त्यांचंच. म्हणजे बजेट ते बजेट आणि तिकीटही एकच. फक्त बुकिंग करताना दोन्ही टप्पे जोडलेले दिसताहेत याची खात्री कर, वेगवेगळे घेतलेस तर परत तीच रड. केम्पेगौडा विमानतळ शहरापासून 35 एक किलोमीटरवर देवनहळ्ळीला आहे, तेव्हा त्याच दिवशीचं विमान घेऊ नकोस, एक रात्र कुणा नातेवाइकाकडे काढा, मिरजेच्या माणसाचं बंगळूरला कुणी नाही असं होत नाही. बॅग, जेवण, सीट धरून हे कितीला पडतं ते शेवटच्या पानापर्यंत जाऊन बघ. सात-आठ हजारांच्या वर वाचत असतील तर कर, नाहीतर महालक्ष्मी एक्सप्रेसने मुंबई गाठा, तीही आदल्या दिवशी.

आणि तुझा तो दोन वेगळ्या तिकिटांचा पर्याय टाकून देऊ नकोस. जानेवारीत भाचा-भाची बघायला तू जाशील ना, तेव्हा तू वापर, मधे साडेतीनऐवजी आठ तास ठेव, एक पाठीवरची सॅक घे, आणि क्वालालंपूरला बाहेर पडून नाश्ता करून ये. तुझ्यासाठी तो पर्याय छान आहे.

राहिलं खाण्याचं. ऑस्ट्रेलिया खाण्याच्या बाबतीत फार कडक आहे, विमानात जो कार्ड-फॉर्म देतात त्यात खाण्याच्या प्रश्नाला 'हो' लिहायचं म्हणजे लिहायचं, लाडू असो की मेतकूट. दाखवलं आणि चालत नसेल तर ते फार तर काढून टाकतात, लपवलं तर दंड हजारो डॉलरचा. दुधाची मिठाई तर नेऊच नका, पेढे-बर्फी दोन्ही तिथल्या कचऱ्यात जाते. ते इथे आल्यावर मिरजेत वाटा, आणि पेढे की बर्फी ते मला कळव.